बाजूला बसलेल्या लेकीस

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

फोनवर हल्ली तुझे तीनच शब्द असतात: ‘हं’, ‘बघते’ आणि ‘ठेवू का?’ म्हणून कागद घेतला. पत्राला मध्येच ‘ठेवू का?’ म्हणता येत नाही. आई म्हणाली, लिहायचं तर लिहा, पण तिला प्रश्न विचारत बसू नका. मी कबूल केलंय. तेव्हा रात्री झोप लागते का, हे मी विचारणार नाही.

रविवारी मी ‘उदास आहेस का?’ असं विचारलं आणि तू म्हणालीस, ‘उदास नाही हो बाबा, उदासीन आहे. फरक तुम्हीच शिकवलात ना?’ एवढं बोलून फोन ठेवलास. आई स्वयंपाकघरातून विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली. मी म्हटलं, व्याकरण बोलली.

खरं सांगू? पहिली दहा मिनिटं मला अभिमानच वाटला. जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासत आलेल्या माणसाला आणखी काय हवं? पोरीनं नेमका शब्द उचलला आणि नेमक्या जागी ठेवला. मग अंथरुणावर पडलो आणि तो शब्द छातीवर येऊन बसला. ‘बसला’ असं मुद्दाम लिहितोय, कारण त्या शब्दाच्या पोटात बसणंच आहे.

तू आठवीत असशील. लिटमसचा धडा. आम्लात निळा कागद तांबडा होतो, आम्लारीत तांबडा निळा होतो, आणि उदासीन द्रावणात कुठलाच रंग बदलत नाही. तू वही घेऊन आलीस आणि विचारलंस, ‘बाबा, पाणी उदास का असतं?’ दादा हसून हसून लोळला. मी मात्र प्रुफं बाजूला सारली आणि तुला सगळं मुळापासून सांगायला बसलो. अर्ध्यात तू माझ्या मांडीवर झोपलीस, तोंड उघडं टाकून. तेव्हा कशी पडल्या पडल्या झोप लागायची तुला. असो. त्या रात्री जे अर्धं राहिलं ते आज पुरं करतो. तू म्हणशील, बाबांना निमित्तच हवं असतं. हवं असतं खरं.

‘आस्’ म्हणजे बसणं. आसन त्यातलंच. त्याला ‘उप’ लागला की जवळ जाऊन बसणं, म्हणजे उपासना. ‘उद्’ लागला की उठून वेगळं, बाजूला बसणं, म्हणजे उदासीन. दोघी सख्ख्या बहिणी. एक जवळ सरकली, दुसरी लांब सरकली. (उपास मात्र या घरातला नव्हे. तो उपवास, ‘वस्’ धातूचा. आत्याला हे दर चतुर्थीला सांगतो आणि ती दर चतुर्थीला विसरते.) या बहिणींनी मला एकदा चांगलंच गोत्यात आणलं होतं. छापखान्यात खिळे जुळवायचे दिवस. एका उपासक मंडळाच्या पत्रिका होत्या. जुळाऱ्यानं ‘प’च्या जागी ‘द’ लावला, माझ्याही नजरेतून सुटला, आणि ‘उदासक मंडळा’ची पाचशे निमंत्रणं छापून तयार. कागदाचे पैसे माझ्या पगारातून गेले. पण घरी येताना मला हसू येत होतं. असं एखादं मंडळ असतं तर आपल्या घरातून किती सभासद मिळाले असते!

आणि हेही ऐकून ठेव. ‘आस्’पासून नियमाप्रमाणे ‘आसान’ व्हायला हवं होतं, ‘शी’पासून शयान होतं तसं. पाणिनीनं या एका धातूसाठी चिमुकलं सूत्र लिहिलं, ‘ईदासः’, आणि ‘आसान’चं ‘आसीन’ झालं. बसणं आसान राहिलं नाही ते तेव्हापासून.

पण तुला जो फरक म्हणायचा होता, त्याकडे येतो. तुझं बरोबर आहे, जुन्या ग्रंथांत उदासीन माणूस दुःखी नसतोच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर तो राजा आहे. विजय मिळवू पाहणारा एक, त्याचा शत्रू दुसरा, दोघांच्या सीमेला लागून असलेला मध्यम तिसरा, आणि या सगळ्यांच्या पलीकडे उदासीन. तो लांब असतो ते बळ कमी म्हणून नव्हे. तिघांपेक्षा तोच बलवान, मनात आणलं तर मदतही करील आणि वठणीवरही आणील. सांख्य तत्त्वज्ञांनी हाच शब्द पुरुषाला, म्हणजे आत्म्याला, दिला. करते सवरते सगळी प्रकृती, म्हणजे सृष्टी, पुरुष नुसता बघतो, आणि तरी वाटतं की तोच करतोय. गीतेत सहाव्या अध्यायात माणसांची एक यादी आहे: सुहृद, मित्र, शत्रू, उदासीन, मध्यस्थ, द्वेष्य, बंधू. शंकराचार्यांनी तिथे उदासीन आणि मध्यस्थ वेगळे करून दाखवलेत. उदासीन कुणाचाच पक्ष घेत नाही, मध्यस्थ भांडणाऱ्या दोघांचंही भलं चिंततो. हे वाचलं की मला तुझी आई दिसते. गेल्या खेपेला तू सकाळच्या गाडीनं निघून गेलीस, तेव्हा ती दारात उभी राहून दोघांकडे बघत होती. मी खोलीत होतो. ना उदासीन, ना मध्यस्थ. नुसता हट्टी.

त्या दिवशी जे बोललो त्याबद्दल लिहायचं होतं. नोकरीतली ती वरची जागा तू नाकारलीस, तो तुझा निर्णय. त्या मुलाचं नाव मी काढणार नाही, आत्यालाही काढू देणार नाही. मला दोन्ही गोष्टींचं वाईट वाटलं हे खरं, पण भीती त्यांची नव्हती. भीती वाटली ती तू दोन्ही गोष्टी ज्या आवाजात सांगितल्यास त्या आवाजाची. बसचं वेळापत्रक वाचून दाखवावं तसा आवाज. आणि वर म्हणालीस, ‘मला काहीच वाटत नाही बाबा, बरंच आहे.’

दहा दिवस मौनात बसून आलीस तेव्हापासून तुझ्या बोलण्यात उपेक्षा हा शब्द येतो. चांगला शब्द आहे. पालीत उपेक्खा. उप आणि ईक्ष, म्हणजे जवळून बघणं. सुख आलं बघितलं, दुःख आलं बघितलं, मन हललं नाही. आणि आपण मराठीत त्याचं काय केलं? उपेक्षा म्हणजे ढुंकूनही न बघणं! म्हातारपणी मुलं करतात ती. (हे तुला उद्देशून नाही.) वेदनेचंही तेच. बौद्धांच्या शास्त्रात वेदना तीन प्रकारची: सुखाची, दुःखाची, आणि जी सुखाचीही नाही नि दुःखाचीही नाही अशी. मराठीत सुखाची वेदना म्हणून बघ, लोक तुला कवी समजतील. उदास, उपेक्षा, वेदना. तिन्ही शब्द शांत माणसांच्या घरी जन्मले आणि आपण त्यांना आणून दुःखाच्या घरी नांदवलं. ही सासरवास करणारी माणसं कोण, याचा मी बरेच दिवस विचार केला आहे. ते पुढे सांगतो.

आधी उपेक्षेचं. मैत्री, करुणा, मुदिता आणि मग उपेक्षा, असा तो क्रम आहे. बुद्धाकडेही तोच, पतंजलीच्या योगसूत्रातही तोच. ती चौथी येते. आधी तीन पोरी घरात धुडगूस घालून गेल्या पाहिजेत, दुसऱ्याच्या सुखानं सुखावणं पाहिजे, कुणासाठी तरी तुटणं पाहिजे, मग ती शांत चौथी शोभते. थेट चौथीचं लग्न लावायला निघालं की लोक विचारतात, थोरल्या कुठे आहेत म्हणून. तू मैत्रिणीच्या बाळाला बघायलासुद्धा गेली नाहीस असं दादा सांगत होता. मुदिता कुठे गेली मग? एवढं ध्यान करून, एवढं वाचून जर

बघ, लागलो व्याख्यान द्यायला. ते वाक्य अर्धंच सोडतो. तू दिवसभर माणसांचं ऐकून दमून घरी येतेस आणि वर बापाचा वर्ग. माफ कर. खोडणार होतो, पण आधीच खूप खोडाखोड झाली आहे.

आता काकाचं सांगतो. त्या श्रावणातलं तुला आईनं सांगितलंय हे मला ठाऊक आहे. मी कधी सांगितलं नाही. आजही ते सांगणार नाही, त्याच्या आधीचं सांगतो.

काकानं काम सोडलं आणि तो मागच्या पडवीत बसायला लागला. कुणाशी भांडला नाही, कुणाला लागेल असं बोलला नाही. नुसता बसायचा. दाढी वाढली. आजीकडे येणाऱ्या बायका म्हणायला लागल्या, तुमचा धाकटा विरक्त झाला हो. आजीला आधी रडू यायचं, मग हळूहळू ती मान ताठ करून सांगायला लागली की त्याला कशाचंच काही नाही. एका बाईनं तर त्याच्या पायावर डोकं ठेवलं. मी बावीस वर्षांचा होतो. गीता नुकतीच पाठ झालेली, आणि जे नुकतं पाठ झालेलं असतं ते ओठावर फार असतं. एकदा शेगडीवर दूध तापत होतं, काका समोर बसलेला. ते वर आलं, उतू गेलं, शेगडी विझली. काका बघत राहिला. घरचे सगळे धावत आले आणि मी, तुझ्या विद्वान बापानं, मोठ्यानं म्हटलं, ‘उदासीनवदासीनम्!’ सगळे हसले. आजोबांनी पाठ थोपटली. काकानं माझ्याकडे पाहिलं. इतकंच. पुढे काही झालं नाही. त्या दिवशी तरी नाही.

शब्द अगदी बरोबर होता बाळ, ‘उदासीनासारखा बसलेला’. नवव्या अध्यायातला, नववा श्लोक. संदर्भ, ऱ्हस्व, दीर्घ, सगळं बिनचूक. आणि मी आयुष्यात केलेली त्याहून मोठी चूक मला आठवत नाही.

म्हणून तू रविवारी तो शब्द बोललीस तेव्हा माझी झोप गेली. तुझी लागते का, हे विचारत नाही.

पुढे किती वर्षं मी गीता उघडलीच नाही. उघडली तेव्हा बाराव्या अध्यायात एका ठिकाणी अडकलो. ‘अनपेक्षः शुचिर्दक्ष उदासीनो गतव्यथः’. लहानपणापासून तोंडपाठ, पण कधी बघितलंच नव्हतं. उदासीनच्या शेजारी कोण बसलंय? दक्ष! ज्याचं सगळीकडे लक्ष आहे, हातातलं काम जो चोख करतो, तो. प्रूफ तपासणाऱ्याला शेजारचा शब्द बघायची सवय असते, पण पाठ झालेल्या ओळीत डोळा थांबत नाही. काका दक्ष नव्हता. दूध उतू जाताना उदासीन माणूस उठतो, शेगडी बंद करतो, आणि सांडलं म्हणून हळहळत नाही. काकाला उठताच येत नव्हतं. आम्ही त्याला संत केला, म्हणून कुणी डॉक्टरकडे नेला नाही.

तुकोबांनीही उदास हा शब्द जुन्याच अर्थानं वापरलाय. ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी’. जोडायचंही आहे आणि खर्चायचंही आहे, फक्त जीव अडकवायचा नाही. म्हणजे सतराव्या शतकातल्या मराठीतही उदास माणूस बाजारात हिंडत होता, देतघेत होता. पंजाबात गुरू नानकांच्या लांबलांबच्या प्रवासांनाच उदासी म्हणतात. ते फिरून आले आणि कर्तारपूरला संसारात राहून शेती करू लागले. त्यांचे चिरंजीव श्रीचंद यांच्यामागून जो पंथ निघाला त्याचं नावही उदासी. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरला उदासीन आखाड्यांच्या मिरवणुका निघतात त्या त्यांच्या. तुला खांद्यावर घेऊन ती मिरवणूक दाखवली होती, झेंडे आणि हत्ती बघून तू टाळ्या वाजवत होतीस. त्यांच्यात उदास चेहऱ्याचा मला तरी एकही दिसला नाही. नगारा वाजत होता.

मग हा शब्द दुःखी केला कुणी? व्युत्पत्तीच्या पुस्तकांत अर्थ बदलल्याचं लिहिलेलं असतं, कोणी बदलला ते नसतं. माझा आपला एक अंदाज आहे, पुरावा मागू नकोस. बाजूला जो बसतो तो स्वतःला अलिप्त म्हणतो. त्याला घरातून कुणीतरी बघत असतं. जेवायला हाक मारून दमलेलं. त्याला अलिप्तता दिसत नाही, पाठ दिसते. कुणी विचारलं, काय करतोय तो, की ते माणूस म्हणतं, बसलाय उदास. मला वाटतं हा अर्थ आयांनी बदलला. बापांनीही, पण बाप उशिरा कबूल करतात. शब्द एकच, बसणाऱ्याकडून एक अर्थ आणि बघणाऱ्याकडून दुसरा. आणि भाषेत बघणारे जिंकले, कारण ते संख्येनं जास्त असतात, आणि घाबरलेले असतात.

वर्तमानपत्रवाल्यांनी त्यात तिसरा अर्थ घातला. ‘प्रशासनाची उदासीनता’, ‘मतदार उदासीन’. ही वाक्यं मी इतक्या वेळा तपासली आहेत की डोळे मिटूनही दुरुस्त करीन. गीतेतल्या भक्ताचं लक्षण कचेरीतल्या धूळ खात पडलेल्या फायलीला लागलं! लिटमसच्या धड्यानं मात्र त्याची थोडी अब्रू राखली. तिथे उदासीन म्हणजे इकडेही नाही नि तिकडेही नाही. जुन्याच्या सगळ्यात जवळ तेच आहे. तू लहानपणी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं होतंस आणि मी तुला शहाणपण शिकवत होतो.

तर रविवारचं तुझं उत्तर. तू कुठल्या अर्थानं म्हणालीस ते मी ठरवू शकत नाही. मी बघणारा आहे, मला पाठच दिसणार. कदाचित तू खरंच बरी असशील, त्या राजासारखी लांब आणि बलवान, आणि मी उगीच कागद काळे करतोय. तसं असेल तर मला हस, फार बरं वाटेल. पण मनाशी शेजारचा शब्द एकदा बघ. कामं होतात का हातून? न्हाणं, जेवणं, आलेल्या पत्राला उत्तर? दूध उतू जाताना उठवतं का? उठवत नसेल तर त्याला उपेक्षा म्हणू नकोस, पाली नाही आणि मराठीही नाही. सरळ डॉक्टरकडे जा. आधी डॉक्टर, मग गीता. हा क्रम मला फार महाग पडून कळलाय. एकटीनं जाववत नसेल तर मी येतो. बाहेरच्या बाकावर बसेन, आत येणार नाही, काय म्हणाले ते विचारणार नाही. आईनं कॅलेंडरच्या मागे १४४१६ असा नंबर लिहून ठेवलाय, सरकारी टेलिमानसचा, मनाच्या दुखण्यात मदत करणाऱ्यांचा, रात्रीबेरात्री कधीही लागतो. कुणासाठी लिहिला विचारलं तर म्हणते, असाच, असावा घरात.

पुन्हा उपदेश झाला. पण हा मागे घेत नाही.

ज्ञानेश्वरांनी त्या नवव्या अध्यायात, काकाला मी फेकून मारलेल्या त्याच शब्दापाशी, एक दिवा ठेवलाय. शके १२१२ मधला, अजून तेवतोय. घरात दिवा लावलेला असतो. तो कुणाला अमुक कर म्हणत नाही, कुणाला अडवत नाही, कोण कुठल्या कामात आहे हेही त्याला माहीत नसतं. पण घरातली सगळी कामं चालतात ती त्याच्या उजेडात. उदासीन म्हणजे तसं असणं. मला हे जमायला हवं होतं, तुझ्या बाबतीत. निदान या वयात तरी. कर म्हणायचं नाही, नको म्हणायचं नाही, नुसतं तेवत राहायचं. आणि मी बघ, चार पानं झाली, दर पानावर तुझ्या मागे मागे फिरतोय. आमच्या दिव्याला पाय फुटलेत.

मोठ्या खोलीतलं तुझं टेबल तसंच आहे. दादानं त्याच्यावर छत्र्या ठेवल्या होत्या, मी काढायला लावल्या. यायचं तर ये, न कळवता ये. कुणी काही विचारणार नाही. आत्याला मी सांभाळतो. आई तुला बाजूला बसायचं तर बसू देईल. ती शेजारी बसेल, शेंगा सोलत, न बोलता. तिला कुणी पाणिनी शिकवला नाही, पण तिला येतो.

तुझा,
बाबा

ता. क. सवयीनं पत्र पुन्हा तपासलं. शुद्धलेखनाच्या तीन चुका सापडल्या, दुरुस्त केल्या. दोन ठिकाणी एकच प्रश्न लिहून खोडलाय, आईला कबूल केलं होतं म्हणून. शाई पातळ आहे, दिव्यासमोर धरलंस तर वाचता येईल. उत्तर एका शब्दाचं पुरे. ‘हं’ सोडून कुठलाही.